ह्रस्व वाटुर

पुष्पाबाईला विचारायची भारी खोड. एसटीत शेजारी कुणी बसलं की "कुठल्या तुम्ही?" एवढ्यावर ती सोडायची नाही. माहेर कुठलं, पिशवीत काय, पिशवीचा बंद तुटला कसा, सगळं. त्यात गेल्या दहा वर्षांपासून तिला ऐकू येईनासं झालेलं. विचारायची हौस दांडगी आणि उत्तर ऐकू येत नाही, म्हणजे बघा! समोरच्याच्या तोंडाकडं बघून ती अर्धं ओळखायची आणि उरलेलं अर्धं स्वतःच ठरवून टाकायची. लेकानं कानातलं मशीन आणून दिलं होतं. पण "समद्यांचा आवाज पत्र्याच्या डब्यातून येतोय" म्हणून ते मशीनच डब्यात जाऊन पडलं.

ऐकू आलं नाही की माणूस वाचायला लागतो. पुष्पाबाई चौथी पास, पण बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख, औषधाबरोबरची घडीची चिठ्ठी, वाटूर फाट्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीची पाटी, तिच्या नजरेतून काही म्हणता काही सुटायचं नाही. आणि अक्षर तर बघत राहावं असं. ते काही शाळेतलं नव्हे, ते नवऱ्याचं बघून बघून आलेलं.

नवरा म्हणजे रामकिसन पेंटर. वाटूर, परतूर, इकडं मंठ्यापर्यंत दुकानांच्या पाट्या आणि शाळांच्या भिंती त्याच्याच हातच्या. त्याची रीत ठरलेली. आधी खडूची दोरी ताणून टण्‌कन रेघ मारायची, रेघेखाली अक्षरं एकेक करून लटकवायची, आणि सगळी सुकली की डोक्यावरची रेघ एका दमात ओढायची. तेवढा वेळ श्वाससुद्धा घ्यायचा नाही. पुष्पाबाई पत्र लिहायची ते असंच. ओळभर बिनडोक्याची अक्षरं उभी करायची आणि ओळ संपली की सर्रकन एक रेघ. शिवकन्या, तिची सून, म्हणायची, "आत्याबाई, पत्र लिहून राह्यल्या का दुकान टाकून राह्यल्या?"

रामकिसनला जाऊन नऊ वर्षं झाली. आता त्याच्या हातचं काय उरलं असेल सांगा? काही नाही. पाट्या गेल्या, फ्लेक्स आले. आणि फ्लेक्स छापतो कोण, तर त्याचाच लेक बबलू! फाट्यावर त्याचं दुकान. त्याचं चुकलं असं नाही, पोट आहे, संसार आहे. बापानं उन्हात शिडीवर उभं राहून चार दिवसांत केलं असतं ते याचं मशीन चहा संपायच्या आत बाहेर टाकतं. पुष्पाबाईचे त्या मशीनलाही शंभर प्रश्न विचारून झाले होते.

मागच्या जूनमध्ये नात आकांक्षा शाळेतून आली, आजीसमोर तोंड नीट धरून म्हणाली, "आजी, बाईंनी सांगितलंय, घरात कुणी कलाकार असला तर त्याचं एक काम वर्गात आणायचं. आजोबाचं काय नेऊ?"

पुष्पाबाईनं ट्रंक उघडली. ब्रशांचा डबा निघाला, खडूची दोरी निघाली आणि भिंतीवर ठसे मारायचा कापलेल्या अक्षरांचा पत्रा निघाला: "येथे जाहिरात लावू नये." तोही बाजारातून तयार आणलेला. पोरगी बिचारी तोच घेऊन गेली. वर्ग हसला. तोंड एवढंसं करून परत आली आणि म्हणाली, "आजी, आजोबा खरंच पेंटर होते ना?"

हे मात्र पुष्पाबाईला झोंबलं. ज्या माणसानं अर्ध्या तालुक्याची नावं लिहिली, त्याच्याबद्दल त्याच्याच नातीनं हे विचारावं? त्या दिवशी तिनं मनाशी पक्कं केलं. मालकाच्या हातचं एक अक्षर, एकच, पण खरं, शोधून काढायचं आणि या पोरीला दाखवायचं. त्याशिवाय डोळे मिटायचे नाहीत.

शोध सुरू झाला. ग्रामपंचायतीची पाटी बदललेली. शाळेच्या भिंतीवर फरशा बसलेल्या. कुणी सांगितलं, अंतरवाली सराटीच्या चौकात अप्पारावच्या हॉटेलात एक जुनी पाटी आहे. बाई जीपनं तिथं हजर. अप्पारावनं पाटी दाखवली. ती उलटी करून त्यानं कपबशा ठेवायची फळी केली होती, आणि रोज घासून घासून तिच्यावर फक्त एक लाल टिंब उरलं होतं.

"एवढंच राह्यलंय बगा मावशे," अप्पाराव ओशाळून म्हणाला.

पुष्पाबाईनं टिंबावर बोट ठेवलं. "अनुस्वार हाय ह्यो. पर कशावरला?" ते अप्पारावला सांगता येईना. म्हातारीचा चेहरा बघून त्यानं गरम भजी पुढं केली. तिनं भजी खाल्ली आणि सवयीप्रमाणं खालचा कागद वाचायला घेतला. तेल पिलेल्या त्या कागदावर बातमी होती: जाफराबादचे दिवंगत चित्रकला शिक्षक भालचंद्र टेंभुर्णीकर यांची त्रेचाळीस चित्रं त्यांच्या पत्नीनं, निवृत्त शिक्षिका उमाबाईंनी, जपून ठेवली आहेत.

त्रेचाळीस! आपल्याकडं एक टिंब, आणि त्या बाईकडं त्रेचाळीस. कशी ठेवली असतील? उंदीर लागत नाहीत? पावसाळ्यात काय करत असेल बाई? पुष्पाबाईच्या डोक्यात प्रश्नांची गर्दी उसळली. फोन केला तर उत्तर ऐकू येणार नव्हतं. घरी येऊन तिनं वही ओढली.

"श्रीमती उमाबाई टेंभूर्णीकर यांना, मू. पो. वाटुर येथून पुष्पाबाईचा नमस्कार. माझे मालक पेंटर होते. त्यांचं काही राहीलं न्हाई. तूमी चीत्रं कशी जपली, ते मला लिहून कळवावं. मी लई शोधून राह्यले." पाकिटावर पत्ता घातला: उमाबाई, चित्रांच्या बाई, जाफराबाद.

जाफराबाद म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. पण गाव लहान. चित्रांच्या बाई म्हटल्यावर पोस्टमननं बरोबर घर गाठलं, आणि बाराव्या दिवशी उत्तर आलं.

पाकिटात दोन कागद होते. एक उमाबाईंचं पत्र, ताठ, सरळ, मास्तरी अक्षरातलं. दुसरा कागद पुष्पाबाईनं उघडला. ते तिचंच पत्र होतं! जागोजाग लाल गोल. "मु." ह्रस्व. "तुम्ही". "चित्रं". वाटुरच्या उकाराला तर दोन गोल. आणि खाली लाल शाईत: अक्षर दहापैकी दहा. शुद्धलेखन दहापैकी तीन.

"शिवकन्या! अगं बघ इकडं, नापास केलं मला ह्या बाईनं!"

उमाबाईंनी लिहिलं होतं: "राग मानू नये. पस्तीस वर्षं वह्या तपासल्या. तुमचं पत्र जवळ ठेवलं असतं तर हात शिवशिवत राहिला असता, म्हणून तपासून परत पाठवते. इतकं देखणं हस्ताक्षर मी एकाही विद्यार्थ्याचं पाहिलेलं नाही." मग पुढं दोन पानं चित्रं जपायची माहिती. प्रत्येक चित्र सरांच्या जुन्या धोतराच्या कापडात गुंडाळायचं. उमाबाई नवऱ्याला सरच म्हणायच्या, घरातसुद्धा. कापडात वेखंडाचा तुकडा आणि वाळलेला निंबाचा पाला. पावसाळा संपला की एकदा सगळी बाहेर काढून सावलीत वारा द्यायचा, उन्हात कधीच नाही.

दोन दिवस पुष्पाबाई धुसफुसत राहिली. तिसऱ्या दिवशी तिनं लाल गोल एकेक करून पाहिले, एक सोडून बाकी सगळे शब्द वहीत दहादहा वेळा गिरवले आणि उत्तर लिहायला बसली. नापास झाल्यावर अभ्यास करायचा नाही, असली बाई नव्हती ती.

असं ते सुरू झालं. महिन्याला दोन पत्रं जायची, दोन यायची. तपासलेलं पत्र उत्तरासोबत परत यायचं. पुष्पाबाई तीनवरून सहावर आली, सहावरून साडेसातवर. शिवकन्या थट्टेनं म्हणायची, "यंदा बोर्डात येतेत आत्याबाई." पण हळूहळू पत्रांतून दुसरंही काही यायला लागलं. उमाबाईंनी एकदा लिहिलं, "लोक येतात, चहा घेतात, वा वा म्हणतात आणि मोबाइल बघतात. त्रेचाळीस चित्रं आहेत, पण ती पाहणारी मी एकटीच. कधी कधी वाटतं, मी चित्रं राखते की नुसती राखण करते?" पुष्पाबाईनं ते चारदा वाचलं. त्रेचाळीस असूनही बाई आपल्यासारखीच एकटी, हे तिला नवीन होतं. तिनं लिहिलं, "मला एक एक चित्र पत्रात सांगा. मी बघते." आणि उमाबाईंनी खरंच सांगायला सुरुवात केली, प्रत्येक पत्रात एक. चिंचेखालची शेळी. पूर्णेचं कोरडं पात्र. झाकण नसलेली किटली.

सगळ्या चुका सुधारल्या, पण एक सुधारेना. वाटुर. पुष्पाबाई दर पत्रात ह्रस्व लिहायची आणि उमाबाई दर पत्रात गोल करायच्या. चौथ्या वेळी त्यांनी समासात लिहिलं: "दीर्घ! चौथ्यांदा सांगते आहे."

पुष्पाबाईनं उत्तर दिलं, "बाई, बाकी समद्या चुका माझ्या. ही चूक मालकाची हाय, ती मी सुधारणार नाही." आणि मग गोष्ट लिहिली. पंचायतीची पहिली पाटी रंगवताना खालून ग्रामसेवक ओरडला होता, "अरे रामकिसन, टू दीर्घ पाहिजे!" शिडीवरून हा म्हणाला, "भाऊसाहेब, दीर्घ काढलं की गाव लांब जातंय. आपलं गाव जवळच असू द्या." सगळा चौक हसला. पाटी तशीच राहिली, बावीस वर्षं. आणि रामकिसन पुढं जिथं जिथं गावाचं नाव लिहील, तिथं ह्रस्वच.

उमाबाईंचं उत्तर आलं. "व्याकरणात हे कारण बसत नाही. कारण म्हणून मात्र वाईट नाही." पुढच्या तपासलेल्या पत्रात वाटुरला गोल होताच, पण लाल शाईचा नव्हता. पेन्सिलचा होता.

याच सुमाराला उमाबाईंनी विचारलं, "रामकिसन यांचं कधी जाफराबादला येणं झालं होतं का?"

पुष्पाबाईनं लिहिलं, "आले होते एकदा. दुष्काळाच्या साली, बबलू पोटात होता. पण चित्राच्या कामाला नाही. रस्त्याच्या कामाला."

त्या साली गावात कुणी पाट्या रंगवीना. खायला नाही तिथं पाटी कसली! बाया-माणसं रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडत होती. रामकिसन म्हणाला, "जाफराबादला काम मिळालंय, महिना-दीड महिना लागंल." परत आला तो बोटं चिरलेली, नखांत पांढरं पीठ बसलेलं. हिनं विचारलं, "काय काम होतं?" तो म्हणाला, "रस्त्याचं." एवढंच. ब्रश धरणाऱ्या हातानं खडी फोडली म्हणून ही त्याच्या बोटांना खोबरेल लावत बसली. उभ्या जन्मात सगळ्यांना सगळं विचारलेल्या त्या बाईनं तेव्हा पुढं काहीच विचारलं नाही. नवऱ्याला लाज वाटू नये म्हणून.

दिवाळीनंतर एक जाड पाकीट आलं. उमाबाई खुशीत होत्या, हे अक्षरावरूनच कळत होतं.

"सरांच्या शाळेत पूर्वी नाटकं होत. त्यासाठी सरांनी तीन पडदे रंगवले होते: दरबार, जंगल आणि रस्ता. सगळे नष्ट झाले असं आम्ही धरून चाललो होतो. गेल्या महिन्यात छताच्या दुरुस्तीत बांबूला गुंडाळलेला एक सापडला. रस्ता! पुष्पाबाई, तो पाहायला माणसं थांबतात. मोबाइल खिशात ठेवून थांबतात. सरांच्या कुठल्याच चित्रापुढे मी हे पाहिलेलं नाही. जानेवारीच्या स्नेहसंमेलनात तो सभागृहात कायमचा लागणार, खाली सरांच्या नावाची पितळी पट्टी. फक्त हात लावला की रंग भुकटी होऊन बोटाला येतो. तुमच्या मालकांना अशा कामाची माहिती असायची, त्यातलं काही आठवतं का?" सोबत पडद्याचा फोटो.

पुष्पाबाईनं फोटो उजेडात धरला. सुरेख रस्ता होता. दोन्ही बाजूंना निंब, मातीची भिंत, विहिरीचा रहाट. रस्ता असा वळलेला की पुढं काय आहे ते बघावंसं वाटावं. खालच्या कोपऱ्यात मैलाचा दगड, त्यावर मुंगीएवढं काहीतरी लिहिलेलं. वाचता येईना. आणि पुष्पाबाईला वाचता येत नाही म्हणजे काय! उठली ती तडक बबलूच्या दुकानात.

"हे मोठं करून दाव."

"माय, गिऱ्हाईक बसलंय ना."

"बसू दे. त्याला बी बघू दे."

बबलूनं फोटो मशीनमध्ये घातला आणि मोठा करत नेला. निंब बाजूला गेले, भिंत गेली, दगड अख्ख्या पडद्यावर आला. काळी अक्षरं, वर एका दमात ओढलेली रेघ.

वाटुर १ कि.मी.

बबलूचा हात तिथंच थांबला. "माय," तो वळून म्हणाला, तिला दिसेल असं, "हे बाबाचं अक्षर हाय."

पुष्पाबाई खुर्चीत बसली. रस्त्याचं काम. दरबार, जंगल आणि रस्ता. अरे देवा! नखांतलं ते पांढरं पीठ खडीचं नव्हतं, रंगाच्या पुडीचं होतं. बोटं चिरली होती ती रंग चिकटावा म्हणून त्यात घालायच्या सरसानं. दीड महिना तिच्या माणसानं जाफराबादला रस्ता केला होता, आणि चाळीस वर्षं ती त्याच्या हातांची कीव करत राहिली. एक प्रश्न आणखी विचारला असता तर? "कसला रस्ता?" एवढाच! तिला हसू आलं, रडूही आलं, आणि मेलेल्या नवऱ्याचा असा राग आला की गिऱ्हाईकासमोर ती मोठ्यानं म्हणाली, "नाव लिहायला काय धाड भरल्ती? गावाचं लिहिलं, सोताचं कामून न्हाई लिहिलं?"

बबलूनं मोबाइल काढला. "गावाच्या ग्रुपवर टाकतो."

"हात लावू नको!" तिनं असं दरडावलं की त्यानं मोबाइल खिशात घातला.

एक अक्षर मागितलं होतं, इथं अख्खा रस्ता हाती आला. सांगून टाकावं, पोरीला नेऊन दाखवावं. पण तो रस्ता उमाबाईंचा होता. त्रेचाळीस चित्रांपुढं कुणी थांबलं नाही आणि या एकापुढं थांबले, हे त्या बाईनं किती आनंदानं लिहिलं होतं! ते हिसकावून घ्यायचं? आणि न सांगावं तर रामकिसन पुन्हा एकदा फळीवरचं टिंब होणार, आणि तेही हिच्या हातानं. अकरा दिवस तिनं पत्र लिहिलं नाही. जेवण गोड लागेना. आकांक्षा येऊन विचारायची, "आजी, सापडलं का गं काही?" आणि प्रश्न ऐकू आला नाही असं सोंग, जन्मात पहिल्यांदा, पुष्पाबाईनं घेतलं.

त्या सोंगाची तिलाच लाज वाटली. बाराव्या दिवशी तिनं लिहिलं.

"बाई, रंगात सरस कमी पडला की भुकटी होते. सरस पातळ करून मागल्या अंगानं कापडाला लावा, पुढून ब्रश घालू नका. दुसरं असं की पडद्याच्या कोपऱ्यात मैलाचा दगड आहे. त्याच्यावरचं शुद्धलेखन तपासा. लाल पेन घेऊन जा. तुम्हाला वाईट वाटलं तर मला लिहू नका. पण वाटलं तरी लिहा."

पत्र टाकलं आणि वाट बघणं सुरू झालं. आठवडा गेला. दोन गेले. पोस्टमन बद्रीनाथ लांबूनच हात हलवून नाही म्हणायचा. तिसरा गेला, चौथा गेला. पुष्पाबाईची खात्री झाली की बाई तुटली. आपण घाई केली, आपल्याला काय करायचं होतं, मेलेल्या माणसाला पट्टी कशाला लागते, असं ती स्वतःशीच बडबडत राहिली. अक्षराचं सोडा, तिला आता शेळीची आणि किटलीची चुटपुट लागली होती. सहावं चित्र ऐकायचं राहिलं होतं.

संक्रांत चार दिवसांवर आली आणि बद्रीनाथ सायकल घेऊन थेट दारात. पुष्पाबाईनं पाकीट घेतलं, पण फोडलं नाही. नुसता पत्ता वाचत उभी राहिली. तेच ताठ, मास्तरी अक्षर:

मु. पो. वाटुर.

ह्रस्व! पस्तीस वर्षं वह्या तपासलेल्या बाईनं, स्वतःच्या हातानं. पुष्पाबाईला रडू आवरेना. पदर तोंडाला लावून ती ओट्यावरच बसली. शिवकन्या घाबरून धावत आली, तिला वाटलं कुणी गेलं.

"पुष्पाबाई," आत लिहिलं होतं, "मी रागावले होते. तुमच्यावर आणि कुणाकुणावर, ते सांगत नाही. सभागृहात गेले, खुर्चीवर चढले. दगडावर ह्रस्व वाटुर दिसला आणि मी खरंच पर्स उघडून पेन बाहेर काढला. सरांनी ही चूक केली नसती. मग घरी येऊन सरांच्या रोजनिश्या काढल्या. त्या वर्षीची एक ओळ मी पूर्वी अनेकदा वाचली होती. रा. कि. म्हणजे कुणी विद्यार्थी असेल असं मला वाटायचं. ती ओळ अशी: 'रा. कि. यांचा रस्ता पूर्ण. शुद्धलेखन सांगितले. ऐकत नाही. राहू दिले.'

"दरबार आणि जंगल सरांनी स्वतः काढलं होतं. ते उंदरांनी खाल्लं. उरला तो रस्ता तुमचा आहे. पितळी पट्टी मी परत पाठवली आहे, नवीन नावाची येईल. आकांक्षाला घेऊन या. मला वाईट वाटलं. तरी लिहिते आहे."

पुष्पाबाईनं त्याच दिवशी उलट टपाली कळवलं, "सरांचं नाव काढू नका. त्यांनी राहू दिलं म्हणून राहिलं. तेही लिहा."

स्नेहसंमेलनाच्या दिवशी बबलूनं दुकान बंद ठेवलं. सगळे पहाटेच्या गाडीनं निघाले, जालन्याला गाडी बदलली आणि दुपारी जाफराबादला उतरले. स्टँडवर एक उंच, सडपातळ बाई काठी टेकत उभी होती. दोघी एकमेकींकडं बघतच राहिल्या. मग पुष्पाबाईनंच विचारलं, "झाकण न्हाई ती किटली कुठंय? आधी ती दावा." उमाबाई हसल्या आणि आधी घरीच नेलं. किटलीपुढं पुष्पाबाई चांगली पंधरा मिनिटं उभी राहिली. उमाबाई तिच्याकडं बघत होत्या.

सभागृहात गर्दी होती. पडदा खरोखरच मोठा होता, फोटोत कळला नव्हता एवढा. आकांक्षा वाट काढत थेट कोपऱ्यातल्या दगडापाशी गेली आणि हात न लावता, अगदी जवळून, अक्षरांवरून हवेतच बोट फिरवू लागली. आधी अक्षरं आणि शेवटी वरची रेघ. ते तिला कुणी शिकवलं नव्हतं, आजीचं बघून बघून आलं होतं.

खाली नवीन पट्टी चमकत होती. "रस्ता. केला: रामकिसन पेंटर, वाटुर. राहू दिला: भालचंद्र टेंभुर्णीकर."

केदार म्हणून एक तरुण मराठीचे शिक्षक शाळेत नवीनच आले होते. त्यांनी पट्टी वाचली, कपाळाला आठी घातली आणि अदबीनं उमाबाईंकडं वळले. "बाई, कोरणाऱ्यानं चूक केलीय. वाटूरचा टू दीर्घ हवा ना?"

आजूबाजूच्यांनी पट्टीकडं माना वळवल्या. उमाबाईंचं शुद्धलेखन गावाला माहीत होतं. त्यांच्या पर्समध्ये लाल पेन असतो हेही माहीत होतं.

"बरोबर आहे ते," उमाबाई म्हणाल्या.

पुष्पाबाईला काही ऐकू आलं नव्हतं, पण सगळे आपल्या गावाच्या नावाकडं बघताहेत हे तिला दिसलं. तिनं उमाबाईंचा पदर ओढला. "काय म्हणून राह्यलेत हो ते मास्तर?"

उमाबाई तिच्या कानाशी वाकल्या आणि अख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, "गाव लांब करा म्हणताहेत! मी म्हटलं, नको!"